मालवणला पहिल्यांदा स्नॉर्कलिंग करताय? मग आधी भरती-ओहोटी बघा

बुकिंगआधी तारखेची ओहोटीची वेळ काढा. देवबागचं त्सुनामी आयलंड म्हणजे कर्ली नदीच्या मुखाजवळचा वाळूचा पट्टा; भरतीला तो बराचसा पाण्याखाली जातो, म्हणून तिथे उतरायचं तर ओहोटीलाच. ओहोटी रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे कालची वेळ आज चालत नाही.

स्नॉर्कलिंग, म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर तरंगत खाली बघणं, सकाळीच उरका. दुपारी वारा वाढतो, लाटा उठतात, पाणी गढूळ होतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, पावसाळ्यात बंदच.

खरी गडबड होते ती मास्कमुळे. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवून नाकाने श्वास ओढा. हात सोडल्यावर चिकटून राहिला तर माप बरोबर. रबराखाली एक केस आला तरी पाणी शिरतं. मिशीवाल्यांचं तर झिरपणारच, थोडी कापा नाहीतर सोसा! पट्टा करकचून आवळू नका, त्यानेही गळतं. काचेला आतून थुंकी चोळून विसळा, धुकं धरत नाही. पाणी शिरलंच तर मास्कची वरची कड दाबून नाकाने जोरात फुंका. नळीत पाणी आलं तर तोंडाने एक जोरदार फुंकर.

आधी कमरेइतक्या पाण्यात पाच मिनिटं फक्त तोंडाने श्वास घेण्याचा सराव करा. लाईफ जॅकेट अंगाबरोबर बसलेलं हवं. प्रवाळावर उभं राहू नका: ते मरतं आणि पाय कापतो.

बोट लागत असेल तर गोळी तासभर आधी. नाश्ता हलका, दोन घावणे पुरे. माशांचं ताट परतल्यावर. पाठ भाजते, म्हणून पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घाला.