नाट्यशाळेने नाकारलं, आता पुढे काय?

ताई, तुमचं पत्र वाचलं. मुलगी पदवीधर झाली, दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या निवडीत पहिल्याच फेरीत बाहेर पडली आणि घरात 'हिच्यात काही असतं तर घेतलं नसतं का?' हे सुरू झालंय. तिला बँकेच्या परीक्षांना बसवावं का, असं तुम्ही विचारता.

नॉर्वेच्या अभिनेत्री लिव उलमन यांनाही ओस्लोच्या नाट्यशाळेने प्रवेश नाकारला होता. लंडनमध्ये त्या काही काळ अभिनय शिकल्या होत्या, तेवढीच शिदोरी. मग स्टावांगर या राजधानीपासून लांबच्या बंदराच्या शहरात, रोगालँड थिएटरमध्ये त्या लागल्या. १९५७ साली तिथे अ‍ॅन फ्रँकची भूमिका केली, तेव्हा त्यांना विसावंही लागलं नव्हतं. पुढे ओस्लोची रंगभूमी, आणि १९६६ मध्ये स्वीडनचे दिग्दर्शक इंगमार बर्गमन यांचा 'पर्सोना' हा चित्रपट. त्यात त्या नाटकाच्या भर प्रयोगात गप्प होणारी नटी झाल्या आहेत. संवाद जवळजवळ नाहीत. समोरची बोलत राहते आणि ह्या ऐकतात. ते ऐकणं मुलीला जरूर दाखवा. ऑस्कर नामांकन मिळाल्यावरही रंगभूमी सुटली नाही: १९७५ मध्ये न्यूयॉर्कला त्यांनी इब्सेनच्या 'अ डॉल्स हाउस' नाटकातली नोरा केली. सन्माननीय ऑस्कर आलं ते २०२२ मध्ये.

नाकारलेली प्रत्येक मुलगी लिव उलमन होते, असं मी म्हणणार नाही. नकारानंतर त्या कुठे गेल्या, ते मला महत्त्वाचं वाटतं: जिथे रोज काम मिळेल तिथे. एक फरक मात्र ध्यानात ठेवा. तिकडे अशा नाट्यगृहांना सरकारी अनुदान आणि पगारी नटसंच असतो, आपल्याकडे हौशी नाटकावर घर चालत नाही. म्हणून अर्धवेळ नोकरी हवीच. बँकेच्या परीक्षेलाही माझी ना नाही, पण नाटक बंद करण्याची अट घालू नका.

तुम्ही सांगलीत आहात. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या एखाद्या संस्थेत तिने तालमीला जावं. भूमिका नसेल तर प्रकाशयोजना, रंगभूषा, पडेल ते काम करावं. शिक्षणासाठी पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आणि मुंबई विद्यापीठाची नाट्यशाळा, दोन्हींची चौकशी करा.

आणि पुढचं पत्र तिलाच लिहू द्या. आजवर कोणत्या नाटकांत काय काम केलं, ते तिने सविस्तर कळवावं. त्यावरून नेमकं काही सांगता येईल.