पंक्चरवाल्याचा पिस्टन आणि अडीच किलो गंधक

प्रश्न : बादलीला चीर गेली की तापवलेली सुरी फिरवून मी ती सांधतो. सायकलची ट्यूब मात्र वितळत नाही, नुसता काळा धूर सोडते. मग आमच्या नाक्यावरचा पंक्चरवाला जुन्या पिस्टनमध्ये रॉकेल पेटवून ट्यूबला पॅच कसा बसवतो? आणि ट्यूबलेस टायरात हवा कोण धरून ठेवतं?
– एक वाचक, कराड

उत्तर : तो पॅच शिजवतो. रबराच्या कारखान्यात मिक्सिंग खात्यात माझी बत्तीस वर्षं गेली, तिथे आम्ही हाच शब्द वापरायचो.

केरळातून धुरी दिलेल्या कच्च्या रबराच्या गाठी यायच्या. तपकिरी, धुरकट वासाच्या. हे रबर दोन रोलरमध्ये घातलं की गरम होऊन कणकेसारखं मऊ पडतं. त्याच्या रेणूंच्या लांबच लांब साखळ्या एकमेकींवरून घसरतात, म्हणून त्याला आकार देता येतो. पण तो टिकत नाही. उन्हात चिकट, थंडीत कडक. सुंभाचा ढीग आणि विणलेली बाज यांतला फरक डोळ्यासमोर आणा. ढिगावर बसलात तर तो फिसकटतो. बाज दबते आणि उठलात की पुन्हा ताणून उभी राहते. ही वीण घालण्याचं काम गंधकाचं. साखळ्या झाडानेच तयार केलेल्या असतात. उष्णतेत गंधकाचे अणू त्यांच्यात जागोजागी पूल बांधतात. अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला हे 1839 मध्ये सापडलं, पण इंग्लंडचं पेटंट तिथल्या थॉमस हॅनकॉक या रबर कारखानदाराने आधी घेतलं. बिचारा गुडइयर कर्जातच मेला.

प्रमाण ऐकून नवल वाटेल. शंभर किलो रबराला अडीच किलो गंधक घातलं की ट्यूबसारखा लवचिक माल. तेच तीस-पस्तीस किलो घालून शिजवलं की एबोनाइट, म्हणजे शाळेच्या प्रयोगशाळेत मांजराच्या कातड्यावर घासायची ती काळी कांडी! तीही रबराचीच, फक्त पूल इतके दाट की साखळ्यांना हलायला जागाच उरत नाही.

गंधक आम्ही सगळ्यात शेवटी घालायचो. का, ते मला एका मे महिन्यात कळलं. दुसऱ्या पाळीला मी गंधक आणि अ‍ॅक्सिलरेटर (शिजणं लवकर घडवणारं रसायन) घातलेले पट्टे पाण्यात न बुडवता गरम गरमच एकावर एक रचले आणि घरी गेलो. सकाळी थप्पीच्या मधले पट्टे रोलरवर बसेनात, नुसते गुठळ्या होऊन फुटत होते. थप्पीच्या उबेतच माल अर्धा शिजला होता. मी म्हटलं, ‘पुन्हा तापवून मऊ करू.’ मिस्त्री म्हणाले, ‘बाळा, भाकरी परत पीठ होते का?’ तुमच्या ट्यूबचंही तेच. पूल तुटण्याइतकं तापवलं की साखळ्याही तुटतात, मग धूर.

म्हणून पंक्चरवाला भोकाभोवतीची जागा कानशीने खरवडतो, सोल्युशन लावतो आणि वर कच्च्या, गंधक घातलेल्या रबराचा तुकडा ठेवून पिस्टनखाली आवळतो. रॉकेल जळून संपेपर्यंतच्या आचेवर तुकड्याच्या आत पूल बांधले जातात आणि काही थेट जुन्या ट्यूबच्या साखळ्यांशीही जुळतात.

आता ट्यूबलेस. त्याच्या आतल्या अंगाला हवा फार हळू झिरपू देणाऱ्या ब्युटाइल रबराचा थर असतो. पण गंधकाला पूल बांधायला लागतात तसे दुहेरी बंध ब्युटाइलमध्ये अगदी विरळ. त्यामुळे ते सावकाश शिजतं आणि टायरच्या बाकीच्या रबराशी नीट जुळत नाही. मग तयार ब्युटाइलवरच ब्रोमिनची किंवा क्लोरिनची प्रक्रिया करतात. शंभर किलोला साधारण दोन किलो ब्रोमिन पुरतं. साखळी तीच, हवा धरण्याचा गुणही तोच. शिजताना शेजाऱ्याशी जुळण्याची सोय मात्र होते. इंजेक्शनच्या बाटलीचं राखाडी बूचही बऱ्याचदा याच जातीचं असतं.

पुढच्या वेळी पॅच गार झाला की नखाने दाबून बघा. खूण तशीच राहिली तर तो कच्चा आहे, पंक्चरवाल्याला आणखी थोडं रॉकेल घालायला सांगा.