वाचकांचे प्रश्न : जमीन एमआयडीसीत जाते तेव्हा

प्रश्न : औद्योगिक वसाहतीसाठी आमच्या दोन एकरांची नोटीस आली आहे. विहीर आहे, बांधावर सात आंबे आहेत. संयुक्त मोजणीआधी काय तयारी करावी?

उत्तर : गावात चर्चा होते ती एकरी भावाची. पैसे बुडतात ते मात्र पंचनाम्यात. मोजणीच्या दिवशी कागदावर न चढलेली वस्तू निवाड्यात, म्हणजे भरपाईच्या अंतिम आदेशात, सहसा येत नाही आणि मागाहून ती सिद्ध करता करता नाकीनऊ येतात.

आधी ताजा सातबारा आणि आठ-अ काढा. आजोबांचेच नाव चालू असेल तर वारसनोंद लगेच करून घ्या, कारण हिश्श्यांचा वाद असला की रक्कम घरी न येता वाद निकाली काढणाऱ्या प्राधिकरणाकडे जमा होते. बहिणींची नावे गाळून घाई करू नका, पुढचा सगळा वाद तिथूनच उभा राहतो. मग पीकपाहणी बघा. विहिरीवर बारमाही भाजीपाला घेता, पण ई-पीक पाहणी केलेलीच नाही, तर कागदावर जमीन जिरायत आणि दरही जिरायतीचाच. विहिरीची नोंद नसेल तर तलाठ्याकडे अर्ज द्या, सोबत कृषिपंपाची वीजबिले जोडा.

‘आंबा ७’ एवढ्यावर पंचनामा मिटू देऊ नका. प्रत्येक झाडाचे वय, बुंध्याचा घेर, कलमी की रायवळ, फळ धरते की नाही हे लिहून घ्या. नाहीतर वीस वर्षांचे कलम रोपाच्या भावात जाते. जमिनीखालची पाइपलाइन कुणालाच दिसत नाही, ती दोन ठिकाणी उकरून दाखवा. सही करताना न पटलेला मुद्दा सहीशेजारीच लिहा आणि पंचनाम्याची प्रत मागा.

प्रश्न : दर ठरतो कसा? संमती दिली तर पैसे लवकर मिळतील म्हणतात.

उत्तर : २०१३ च्या भूसंपादन कायद्यात रेडी रेकनरचा (सरकारने ठरवलेला) दर एकीकडे आणि परिसरातल्या मागील तीन वर्षांच्या खरेदीखतांपैकी चढ्या दराच्या निम्म्या खतांची सरासरी दुसरीकडे धरतात. यांतला जास्त तो बाजारभाव. त्याला ग्रामीण भागात १ ते २ चा गुणक लागतो, त्यात झाडे-विहिरीचे मूल्य मिळवतात आणि या बेरजेवर १०० टक्के दिलासा रक्कम, म्हणजे तेवढेच पैसे आणखी. गोची अशी की मुद्रांक वाचवायला खतात कमी किंमत दाखवायची सवय सगळ्यांनाच आहे, त्यामुळे अख्ख्या शिवाराची सरासरी खाली येते.

एमआयडीसीचे संपादन १९६१ च्या स्वतंत्र कायद्याखाली चालते आणि दर बऱ्याचदा वाटाघाटीने ठरतो. तरी वरचे गणित मांडूनच बोलणीला बसा. संमतीने पैसे लवकर येतात हे खरे, पण वाढीव भरपाईची वाट बहुधा तिथेच बंद होते. २०१३ च्या कायद्याखाली निवाडा झाला असेल तर रक्कम ‘निषेध नोंदवून’ स्वीकारा. हे दोन शब्द राहिले तर वाढीव भरपाईसाठीचा कलम ६४ चा अर्ज करता येत नाही. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर या अर्जाला मुदत फक्त सहा आठवडे.

प्रश्न : आमची जमीन नाही, त्याच शिवारात मजुरी करतो. आम्हाला काही मिळते का?

उत्तर : आधी संपादन कोणत्या कायद्याखाली आहे ते विचारा. २०१३ च्या कायद्यात संपादनापूर्वी तीन वर्षे त्या जमिनीवर पोट असलेले शेतमजूर आणि वाटेकरीही बाधित कुटुंबात येतात. प्रकल्पात रोजगार निर्माण होत असल्यास नोकरी, नाहीतर एकरकमी ५ लाख किंवा २० वर्षे दरमहा किमान २,००० रुपये, असे पर्याय आहेत. अडते ते पुराव्यावर. रोहयोचे जॉबकार्ड, शिधापत्रिका, ग्रामसभेचा ठराव आधीच जमवा आणि बाधितांच्या यादीत नाव आले का ते स्वतः जाऊन बघा.

प्रश्न : ४० लाख बँकेत ठेवले तर घर चालेल ना?

उत्तर : चार वारस असतील तर प्रत्येकी १० लाख. ७ टक्क्यांनी वर्षाला ७० हजार, म्हणजे महिन्याला सहा हजारसुद्धा नाहीत. शेतीचे उत्पन्न मोजताना आपण विकलेला माल धरतो. घरचे धान्य, म्हशीचा कडबा, बांधावरचे गवत, सरपण हिशेबात नसते. जमीन गेली की हे सगळे विकत घ्यावे लागते आणि बहुतेक घरांत पहिली विकली जाते ती म्हैस. त्यामुळे ठरवायचे ते पैसे येण्याआधी ठरवा. निम्म्यात तरी दुसरी जमीन बघा. महाराष्ट्रात शेतजमीन घेताना शेतकरी असल्याचा पुरावा लागतो, म्हणून जुना सातबारा, फेरफार आणि निवाड्याच्या प्रमाणित प्रती प्रत्येक वारसाकडे वेगवेगळ्या ठेवा.