अपस्माराचे झटके थांबले तरी मुलाचे लक्ष लागत नाही. हा एडीएचडी असू शकतो का?

आपण लिहिले आहे की आठ वर्षांच्या मुलाला अपस्मार आहे, औषधाने झटके आटोक्यात आले आहेत, तरी अभ्यासात त्याचे चित्त टिकत नाही. हा एडीएचडी (लक्ष न टिकणे, अतिचंचलता किंवा दोन्ही असलेला विकार) असू शकतो का आणि त्याचे औषध दिल्यास झटके परत येतील का, असे आपण विचारता. पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे. एरवी शंभर मुलांमागे पाच ते सात मुलांना एडीएचडी असतो. अपस्मार असलेल्या मुलांत हे प्रमाण शंभरात तीसच्या आसपास जाते. तरीही ‘झटके थांबले ना, मग आता काय’ असे ऐकवणारी माणसे घरातच भेटतात, आणि त्यांच्यामुळे आमच्या मुलीचे एक वर्ष वाया गेले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मुलगी सहा वर्षांची असताना वर्गात तिचे लक्ष नसते अशी तक्रार येऊ लागली. माझी थोरली बहीण वीस वर्षे शिक्षिका आहे. तिने सांगितले की मुलगी लाडावली आहे, रोज शुद्धलेखन घाल. मी रोज घालू लागले. तिच्या वहीत वाक्याच्या मधलेच दोन-तीन शब्द गळलेले असत आणि पुढचा मजकूर सुवाच्य अक्षरात बिनचूक चालू राहिलेला असे. त्या प्रत्येक रिकाम्या जागेखाली मी लाल रेघ ओढली आणि प्रत्येक रेघेसाठी तिला रागावले. फिट म्हणजे हातपाय ताठ होणे आणि तोंडाला फेस येणे, एवढीच माझी समजूत होती. पुढे मेंदुविकारतज्ज्ञांनी तिला जोरजोरात श्वास घ्यायला लावला, तेव्हा दोन मिनिटांच्या आत तिची नजर थिजली, पापण्या फडफडल्या आणि दहाएक सेकंदांनी, काहीच घडले नसल्यासारखी, ती पुन्हा तसाच जोरात श्वास घेऊ लागली. ईईजीवर, म्हणजे मेंदूतील विद्युत लहरींच्या आलेखावर, सेकंदाला तीन या गतीने उठणाऱ्या लहरी दिसल्या. हा अब्सेन्स प्रकारचा, म्हणजे काही सेकंद भान हरपण्याचा, अपस्मार होता आणि असे झटके दिवसातून अनेक वेळा येत होते. वहीतल्या रिकाम्या जागा या झटक्यांच्या होत्या.

औषध सुरू झाले, दोन महिन्यांत त्या जागा भरल्या आणि मी निश्चिंत झाले. परंतु उदाहरण अर्धवट सोडून उठणे, दोन कामे सांगितली तर दुसरे विसरणे, वस्तू हरवणे हे तसेच राहिले. ‘आता तर झटकेही नाहीत, मग सबब कसली?’ असे बहीण म्हणाली आणि मी ते ऐकून घेतले. वर्षभराने बालमानसोपचारतज्ज्ञांनी सविस्तर तपासणी करून एडीएचडीचे निदान केले. तिच्यात अतिचंचलता नव्हती, केवळ लक्ष न टिकणे होते. अपस्माराबरोबर बहुधा हाच प्रकार आढळतो, आणि शांत बसलेल्या मुलाबद्दल कोणाला शंकाही येत नाही.

बहिणीचे म्हणणे आजही तेच आहे, म्हणून इथे स्पष्ट लिहिते की ते चूक आहे. अब्सेन्स अपस्मार असलेल्या साडेचारशेहून अधिक मुलांवर अमेरिकेत झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या औषधांच्या चाचणीत, औषध सुरू होण्यापूर्वीच सुमारे एकतृतीयांश मुलांना लक्षाची अडचण होती, आणि झटके थांबल्यावरही ती पुष्कळांच्या बाबतीत टिकून राहिली. आइसलंडमधील एका अभ्यासात तर, ज्यांना पुढे झटके आले त्या मुलांत पहिला झटका येण्याआधीच एडीएचडी असण्याचे प्रमाण इतर मुलांच्या अडीचपट आढळले. याचा अर्थ असा की एक विकार दुसऱ्याला जन्म देतोच असे नाही. दोन्हींच्या मुळाशी मेंदूतील काही समान दोष असावा असे मानले जाते. शिस्तीने तो दोष जात नाही. तुमच्या घरी किंवा शाळेत कोणी शिस्तीचा उपाय सुचवला, तर त्यांना हे वाचायला द्या.

औषधांविषयी थोडक्यात सांगते. अपस्माराच्या काही औषधांनीही लक्षावर परिणाम होतो: फिनोबार्बिटालने मूल चंचल होऊ शकते, टोपिरामेटने विचार मंदावू शकतो, आणि वर उल्लेखलेल्या चाचणीत एथोसक्सिमाइड या औषधापेक्षा व्हॅल्प्रोएट हे औषध घेणाऱ्या मुलांत लक्षाची अडचण अधिक होती. म्हणून आधी चालू औषध आणि त्याची मात्रा तपासून घ्यावी. एडीएचडीसाठी दिल्या जाणाऱ्या मिथाइलफेनिडेट या औषधाने झटके वाढू शकतात असा इशारा त्याच्या माहितीपत्रकात असतो. मात्र झटके नीट आटोक्यात असलेल्या मुलांना ते मेंदुविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली दिले जाते आणि बहुतेकांचे झटके त्याने वाढत नाहीत. आमच्या मुलीचे वाढले नाहीत.

मी डॉक्टर नाही, आई आहे, आणि माझा अनुभव अपस्माराच्या एकाच प्रकारापुरता आहे. हे वाचून चालू औषध एकाएकी बंद करू नका. त्याने गंभीर झटका येऊ शकतो. आपल्या मुलाच्या अपस्माराचा प्रकार आणि औषधाचे नाव प्रश्नात नसल्यामुळे त्याच्या औषधाबद्दल मी यापुढे काही लिहीत नाही.