भाच्यासाठी पुण्याची वाट पाहू नका

ताई, तुमचा भाचा १९ वर्षांचा आहे, मासेमारीच्या बोटीवर खलाशी आहे, दोन वर्षांपासून रोज दारू पितो, अधूनमधून गांजाही ओढतो, आणि पुण्याच्या व्यसनमुक्ती केंद्रासाठी पैसे जमेपर्यंत थांबावे असे त्याच्या वडिलांचे मत आहे, असे तुम्ही लिहिले आहे. कृपा करून थांबू नका. पहिली तपासणी आपल्याच जिल्ह्यात होते.

रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय १८८६ पासूनचे आहे आणि तिथे व्यसनासाठीही मनोविकारतज्ज्ञ तपासतात. परंतु ‘रत्नागिरीला नेले’ म्हटले की गावात त्याचा एकच अर्थ लावतात, आणि त्या धास्तीने आम्ही माझ्या धाकट्या भावाला वर्षभर घरात लपवले, याची खंत मला आजही आहे. अखेर पहाटेच्या एसटीने निघालो, तेव्हा स्थानकावर त्याने चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरला होता, तरी अर्धा चहा शर्टावर सांडला. डॉक्टरांनीही आधी त्याला हात पुढे करायला लावले आणि शेवटची दारू कधी घेतली ते विचारले. कारण रोज भरपूर पिणाऱ्याने ती एकाएकी सोडली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकते. म्हणून त्याला खोलीत कोंडून दारू तोडण्याचा प्रयोग घरी मुळीच करू नका.

गांजामुळे पोलिसांची भीती वाटत असेल, तर १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील कलम ६४अ वडिलांना जरूर समजावून सांगा: अल्प प्रमाणातील पदार्थाच्या प्रकरणात जो व्यसनी स्वेच्छेने सरकारमान्य ठिकाणी उपचार घेतो, त्याला खटल्यापासून संरक्षण मिळते, मात्र उपचार पूर्ण करावे लागतात.

तो यायला तयार नसेल, तर आधी तुम्ही आणि त्याची आई दोघीच डॉक्टरांना भेटा, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर बोला. तिथे मराठीत आणि विनामूल्य सल्ला मिळतो.

दाखल होऊन उपचार घ्यावे लागले, तर १ जून ते ३१ जुलै हा मासेमारीबंदीचा काळ सोयीचा आहे, कारण बोटी किनाऱ्यावर असतात आणि मजुरी बुडत नाही. तपासणी मात्र आत्ताच करा. ऑगस्टमध्ये बोटी सुटण्यापूर्वी त्याच्या तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, विश्वासात घ्या. गुंगी आणणाऱ्या गोळ्या चालू असताना त्याने समुद्रावर जाणे धोक्याचे आहे, आणि तो पुन्हा कधी जाऊ शकेल हे डॉक्टरांकडून लिहून घेतलेले असले, तर तांडेलालाही त्याची जागा राखून ठेवणे सोपे जाते.