गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेले) रॉक बोल्ट, म्हणजे खडक धरून ठेवायला भोकात बसवलेल्या पोलादी सळया किंवा नळ्या, वापरले की खाणीत गंजाचा प्रश्न मिटतो का? आणि बोल्ट आतून गंजलाय हे बाहेरून कसं ओळखायचं?

मिटत नाही, पुढे ढकलला जातो. किती पुढे, ते त्या जागेचं पाणी ठरवतं. जस्ताचा थर साधारण 70 ते 85 मायक्रॉनचा असतो आणि पाण्याचा पीएच 6 ते 12 च्या दरम्यान असेल तोवरच तो नीट टिकतो. खडकात पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) असेल तर हवा आणि पाणी लागून सल्फ्युरिक ॲसिड तयार होतं आणि पीएच सहज 3-4 वर येतो. अशा पाण्यात जस्त भराभर विरघळतं. शिवाय फ्रिक्शन बोल्ट (नुसत्या घर्षणाने खडकात अडकून राहणारा) भोकात ठोकून बसवताना खडकावर घासून थर खरवडला जातो, तो वेगळाच.

जस्तापेक्षा बोल्टचा प्रकार महत्त्वाचा, असं माझं मत. समजा, पाणी लागलेल्या प्रत्येक बाजूने वर्षाला 0.1 मिमी पोलाद जातंय. फ्रिक्शन बोल्ट म्हणजे चिरलेली नळी, तिची जाडी 3 मिमीच्या आसपास. पाणी आतून आणि बाहेरून दोन्हीकडून लागतं, त्यामुळे 5 वर्षांत 1 मिमी, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश पोलाद संपलं. त्याच पाण्यात उघडी 20 मिमी सळई 19 मिमीची होते, म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ सुमारे 10 टक्के घटतं. अर्थात, गंज असा सारखा पसरत नाही. भोक जिथे पाण्याची भेग ओलांडतं तिथेच तो खोल खातो, आणि पाण्यात क्लोराइड असेल तर खड्डे पडतात. बोल्ट तुटतो तो त्या एका जागी.

आता ओळखण्याचं. बोल्टच्या तोंडाशी नटखाली असलेली प्लेट गंजून लाल झाली म्हणजे बोल्ट गेला असं नाही, आणि प्लेट स्वच्छ आहे म्हणून निर्धास्त राहण्यातही अर्थ नाही, कारण भेग दीड मीटर आत असू शकते. पुल टेस्टवर (बोल्ट ओढून त्याची पकड तपासण्यावर) तर डोळे झाकून विश्वास ठेवूच नका. फ्रिक्शन बोल्टला गंज चढला की नळी खडबडीत होते आणि सुरुवातीला ओढ उलट वाढलेली दिसते. आकडे सुधारताहेत म्हणून कागदावर सगळे खूश, आणि नळीची भिंत तेवढ्यात पातळ होत असते. पुढे एके दिवशी ती सरकत नाही, तुटते. पूर्ण लांबी ग्राउट केलेल्या (भोवती सिमेंट किंवा रेझिन भरलेल्या) सळईत ओढ तोंडाजवळच्या थोड्या लांबीतच खडकाला दिली जाते, पलीकडे काय आहे ते टेस्टला कळतच नाही. खात्री करायची तर ओव्हरकोअरिंग करून, म्हणजे बोल्टभोवती मोठं भोक कोरून, बोल्ट खडकासकट बाहेर काढावा लागतो. तेवढं शक्य नसेल तर पडलेल्या छताच्या मलब्यातले तुकडे जपून ठेवा आणि ब्रशने घासून दर 100 मिमीला व्हर्नियरने व्यास मोजा.

मात्र तुटलेलं टोक घासू नका, कोरडं करून गुंडाळून ठेवा. टोकाशी सळई ताणून बारीक झाली असेल तर ती भाराने तुटली. सळई बारीक न होता सरळ तुटली असेल, कडेला नखाच्या आकाराचा काळपट, जुना गंजलेला भाग आणि उरलेला छेद चकचकीत, दाणेदार दिसत असेल, तर ते स्ट्रेस कोरोजन आहे. यात पोलाद फारसं झिजत नाही, ताणाखाली भेग आत सरकत जाते. जास्त ताकदीचं पण कमी चिवट पोलाद याला लवकर बळी पडतं. असा ताणलेला बोल्ट तुटला की तोंडाकडचा तुकडा उसळून बाहेर येऊ शकतो, म्हणून तपासताना नटच्या रेषेत उभं राहायचं नाही.

पाण्याचा नमुना जमिनीवरच्या डबक्यातला नको, बोल्टच्या भोकातून ठिबकणारा घ्या. पीएच, तापमान आणि विरघळलेला ऑक्सिजन जागेवरच मोजा, बाटली प्रयोगशाळेत पोचेपर्यंत ते बदलतात. क्लोराइड आणि सल्फेट नंतर मोजले तरी चालतं.

खाणीतल्या कायमच्या रस्त्यांसाठी पूर्ण ग्राउट केलेली सळई घ्या. सिमेंटचा पीएच 12 च्या वर असल्याने पोलादावर संरक्षक थर बसतो. पाणी-सिमेंट प्रमाण 0.35 ते 0.4 ठेवा आणि भरताना मध्ये पोकळी राहू देऊ नका. रेझिन (प्लास्टिकच्या कॅप्सूलमधून भोकात घालायचा, घट्ट होणारा चिकट पदार्थ) फक्त आडोसा करतं. 20 मिमीच्या सळईला 28 मिमीचं भोक ठीक. भोक मोठं झालं किंवा सळई नीट फिरवली नाही तर कॅप्सूलचं प्लास्टिक सळईभोवती हातमोज्यासारखं गुंडाळलं जातं आणि पाण्याला वाट मिळते. फायबरग्लासचा बोल्ट गंजत नाही, पण खडक आडवा सरकला तर लवकर कापला जातो.

गंजलेले बोल्ट उपटायच्या भानगडीत पडू नका. ते आहेत तिथेच ठेवून मधल्या जागेत नवीन भोकं घ्या. भोकातून पाणी वाहत असेल तर आधी ते दुसऱ्या भोकाने बाजूला काढा, नाहीतर ग्राउट घट्ट व्हायच्या आत धुऊन जाईल.