पहिल्या महायुद्धामुळे कॅनडाच्या समाजात काय बदललं?

माझ्या मते सर्वांत खोल परिणाम मतदानाच्या हक्कावर झाला. युद्धात पुरुष आघाडीवर गेले, बायका दारूगोळ्याच्या कारखान्यांत आणि शेतीत राबल्या. मॅनिटोबा प्रांताने १९१६ च्या जानेवारीतच स्त्रियांना मताधिकार दिला, पण त्यामागे आधीची अनेक वर्षांची चळवळ होती, हे विसरू नये.

देशपातळीवर मात्र गणित वेगळं होतं. पंतप्रधान रॉबर्ट बोर्डन यांना सक्तीची लष्करभरती हवी होती. सैनिकांच्या घरच्या स्त्रिया याला पाठिंबा देतील, म्हणून १९१७ च्या निवडणुकीआधी एका कायद्याने सैनिकांच्या आई, पत्नी, बहिणी, मुलींना मताधिकार मिळाला. त्याच कायद्याने शत्रुदेशांतून आलेल्या आणि १९०२ नंतर नागरिक झालेल्या बहुतेकांचं मत काढून घेतलं! हा उघड अन्याय होता. बाकीच्या बहुतेक स्त्रियांना १९१८ मध्ये हक्क मिळाला. आदिवासी आणि आशियाई वंशाचे लोक तेव्हाही मोठ्या प्रमाणावर बाहेरच राहिले. भारतीय आणि चिनी वंशाच्या नागरिकांना ब्रिटिश कोलंबियात मत मिळायला १९४७ उजाडलं आणि राखीव क्षेत्रातल्या आदिवासींना देशाच्या निवडणुकीत बिनशर्त मत मिळायला १९६०.

सक्तीच्या भरतीने फ्रेंचभाषक क्वेबेक आणि इंग्रजीभाषक प्रांतांत कायमची कटुता आली. १९१८ च्या ईस्टरला क्वेबेक शहरात दंगल उसळली, सैन्याच्या गोळीबारात चार नागरिक मेले. दुसऱ्या महायुद्धात सरकार सक्तीबाबत इतकं जपून का वागलं, त्याचं कारण इथे सापडतं.

आणखी एक गोष्ट: तिथला आयकरही युद्धखर्चासाठी १९१७ मध्येच सुरू झाला, तो आजही आहे.